तळ्याला फेरी नको, तळी जोडा : म्युनिकच्या दक्षिणेकडच्या ग्रॅव्हल वाटा

मे महिना लागला की म्युनिकमधल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. कुणी नवी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडीच्या वाटांसाठीची जाड टायरची सायकल, घेतलेली असते, कुणाचा भाऊ पुण्याहून आलेला असतो, आणि प्रश्न ठरलेला असतो : "कुठल्या तळ्याला चक्कर मारू?" माझं उत्तरही आता ठरून गेलंय. तळ्याला चक्कर मारू नका. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जा.

स्टार्नबर्गर झेची ('झे' म्हणजे तळं) पूर्ण फेरी ५० किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणून नवखे लोक तीच निवडतात. पण चांगल्या हवेच्या रविवारी त्या काठावर बाबागाड्या, कुत्री, पोहायला आलेली कुटुंबं यांची रीघ असते. काठाचा बराच भाग खासगी बंगल्यांनी अडवलेला आहे, आणि जिथे वाट पाण्याला लागून जाते तिथे नेमकं सायकलवरून उतरावं लागतं. उरतो तो डांबरी रस्ता. जाड टायरची सायकल घेऊन तिथे जाण्यात काहीच हशील नाही. खरी मजा आहे ती तळ्यांच्या मधल्या जमिनीत. शेतांच्या बांधावरून, देवदारासारख्या झाडांच्या जंगलातून, दलदलीच्या कडेनं जाणाऱ्या पांढऱ्या खडीच्या वाटा इथे गावागावाला आहेत. लहानपणी कालव्याच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्यावर सायकल चालवली असेल, तर टायरखालचा तो करकर आवाज तुम्हाला लगेच ओळखू येईल.

आधी जमीन समजून घ्या

हा सगळा प्रदेश हिमनद्यांनी घडवलेला आहे. शेवटच्या हिमयुगात ईझार आणि लॉयझाख नद्यांच्या खोऱ्यांतून बर्फाचे प्रचंड लोंढे आल्प्समधून बाहेर पडले आणि उत्तरेच्या मैदानात पसरले. त्यांनी जिथे जमीन कोरली तिथे आज आमरझे, स्टार्नबर्गर झे अशी लांबट तळी आहेत. आल्प्सच्या परिसरातल्या त्या हिमयुगाचं नावच 'वुर्म' आहे. वुर्म म्हणजे स्टार्नबर्गर झेमधून बाहेर पडणारी छोटीशी नदी. १९६२ पर्यंत त्या तळ्यालाही वुर्मझेच म्हणत.

सायकलवाल्याला या भूगोलाशी काय कर्तव्य? बरंच आहे. बर्फानं पुढे लोटत आणलेली दगडमाती तळ्यांच्या कडेनं ढिगाऱ्यांसारखी पडून राहिली, आणि आज त्याच जंगलानं झाकलेल्या टेकड्या आहेत. त्या उंच नाहीत, पण एकामागून एक येतात. चाळीस मीटर चढा, तीस मीटर उतरा, परत पन्नास मीटर चढा. नकाशावर 'पायथा' दिसतो म्हणून सपाट समजून निघालेल्या माणसाची मांडी दुपारपर्यंत भरून येते. ५० किलोमीटरांत ५०० मीटर चढ इथे सहज होतो.

पायाखाली तीन प्रकारची जमीन येते. टेकड्यांवरच्या जंगलवाटांवर घट्ट बसवलेली चुनखडीची खडी असते, तिथे सायकल छान पळते. नदीच्या पात्रालगत गोलगोटे असतात, सुटे आणि निसरडे. आणि दलदलीत, म्हणजे इथल्या भाषेत 'मोस' किंवा 'फिल्त्स'मध्ये, कुजलेल्या शेवाळाचा काळा मऊ थर असतो. कोरडा असताना तो गादीसारखा लागतो. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस त्यात पाऊल टाकू नये. कुठली जमीन कधी घ्यायची एवढं ज्याला कळलं, त्याची इथली अर्धी तयारी झाली.

सायकल कशी हवी

टायर ४० ते ४५ मिलिमीटर रुंद घ्या. ३५ मिमीवरही फिरता येतं, पण गोट्यांवरून गेलं की संध्याकाळी मनगटं बोलतात. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, करून घ्या, कारण इथल्या फुटलेल्या चुनखडीला धार असते. माझं वजन ७२ किलो आहे. ४२ मिमीच्या टायरमध्ये मी पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआय हवा ठेवतो. ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्त भरा, नाहीतर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात. हवा कमी करायला लोक घाबरतात. एकदा ४५ पीएसआयवर आणि एकदा ३२ वर तोच एक किलोमीटर चालवून बघा, मग कुणाला विचारायला नको.

गिअरचा नियम सोपा आहे. मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते पुढच्या सर्वांत लहान चक्राइतके किंवा त्याहून जास्त हवेत. पुढे ४० असेल तर मागे किमान ४० किंवा ४२. जंगलातले चढ १२ टक्क्यांपर्यंत जातात आणि सुट्या खडीवर उभं राहून पेडल मारता येत नाही. उभं राहिलात की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच चढावं लागतं, आणि बसून चढायला हलका गिअर लागतो.

पिशवीत एक ट्यूब, ट्यूबलेसचे प्लग, पंप, पाने, चेनचा एक जोड आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा ठेवा. टायरची कड फाटली तर तो तुकडा आतून लावून घरी पोचता येतं. घंटी कायद्यानं लागते, आणि अंधारात पुढचा-मागचा दिवाही. घंटीचा उपयोग कायद्यापेक्षा चालणाऱ्यांसाठी जास्त आहे. पन्नास पावलं आधी एकदा वाजवा, वेग कमी करा आणि जाताना 'सेर्वुस' किंवा 'ग्र्यूस गॉट' म्हणा. लोक हसून बाजूला होतात. अगदी पाठीशी येऊन वाजवलीत तर ते दचकतात आणि चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही.

आदल्या रात्री नकाशा वाचा

या एका पायरीवर कंटाळा करू नका, असं मी अगदी कळकळीनं सांगेन. ॲपला दोन टोकं दिली की ते रेघ ओढून देतं, पण ती रेघ कुणाच्या वावरातून, कुठल्या पायवाटेनं जाते ते तुम्हालाच बघावं लागतं.

ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेल्या नकाशांत कच्च्या रस्त्यांना १ ते ५ अशी प्रत दिलेली असते. प्रत १ म्हणजे डांबरी किंवा तितकाच टणक रस्ता. प्रत २ म्हणजे घट्ट खडी, आपल्याला हवी ती. प्रत ३ मध्ये खडी आणि माती अर्धी-अर्धी. प्रत ४ आणि ५ म्हणजे मऊ माती किंवा नुसतं गवत, मधोमध चाकोऱ्या. माझी पद्धत अशी : रेघेवर बोट ठेवून सुरुवातीपासून शेवटपर्यंत जायचं आणि प्रत ४ किंवा ५ लागली की तिथे दुसरी वाट शोधायची. कोरड्या सप्टेंबरात प्रत ४ चालते, ओल्या मे महिन्यात नाही. मग बव्हेरिया राज्याच्या भूमापन खात्याचा 'बायर्नआटलास' उघडायचा. तो फुकट आहे. त्यातलं हवाई छायाचित्र मोठं केलं की खडीची वाट पांढरी दिसते, मातीची तपकिरी, आणि गवताळ वाट जवळजवळ दिसतच नाही. रात्रीचा अर्धा तास जातो, पण दिवसाचे दोन तास वाचतात.

हक्काचीही गोष्ट सांगून ठेवतो. बव्हेरियाच्या राज्यघटनेच्या १४१व्या कलमात निसर्गात मोकळेपणानं फिरण्याचा हक्क प्रत्येकाला दिलेला आहे. त्यामुळे खासगी जंगलातल्या योग्य वाटेवरूनही सायकल नेता येते. 'योग्य' हा शब्द महत्त्वाचा, आणि चालणाऱ्याला नेहमी आधी जाऊ द्यायचं. राखीव क्षेत्रांत मात्र फक्त खुणा केलेल्या वाटा. शेतात किंवा गवताच्या कुरणात चाक घालू नये. ते गवत म्हणजे गाईंचा हिवाळ्याचा चारा असतो.

रेल्वेनं जा, रेल्वेनं या

तळी जोडायची म्हणजे निघालो तिथे परत यायचं नाही, म्हणून मोटारीपेक्षा रेल्वे बरी. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं. जर्मनीभर चालणाऱ्या मासिक तिकिटात सायकल धरलेली नाही, हे अनेकांना तपासनीस समोर आल्यावर कळतं. एस-बानमध्ये, म्हणजे शहराच्या लोकलमध्ये, सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ सायकल चढवता येत नाही. शनिवार-रविवारी अशी अडचण नाही, पण उन्हाळ्यात नऊनंतरच्या गाड्यांमध्ये सायकलींची दाटी होते. सातची गाडी पकडा.

टेगर्नझे, लेंगग्रीस आणि बायरिशत्सेलकडे जाणारी गाडी म्युनिकहून एकच निघते आणि वाटेत तुटते. होल्त्सकिर्खनला एक भाग बायरिशत्सेलकडे वळतो, पुढे शाफ्टलाखला उरलेल्याचे दोन भाग होतात : एक टेगर्नझेकडे, एक लेंगग्रीसकडे. पहिल्या वर्षी मी लेंगग्रीसला जायचं म्हणून रिकामा डबा बघून सायकल चढवली, खिडकीशी डोळा लागला, आणि जागा झालो तेव्हा फलाटावर पाटी होती मीसबाखची. दुसरंच खोरं. परत येऊन पुढची गाडी धरेपर्यंत दीड तास गेला आणि ठरवलेली वाट निम्मी करावी लागली. तेव्हापासून मी चढण्याआधी डब्याच्या बाहेरचं गावाचं नाव वाचतो आणि आत गेल्यावर पडद्यावर परत वाचतो.

पहिली वाट : स्टार्नबर्ग ते वाइलहाइम

सुरुवात इथून करा. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, आणि कुठेही दम संपला तर जवळ स्टेशन आहे. एस-६ नं स्टार्नबर्गला उतरा, पाच मिनिटं पाण्याकडे बघून घ्या आणि तळ्याला पाठ करून पश्चिमेला निघा. मायझिंगची घळ पायी चालणाऱ्यांची आहे, ती त्यांनाच राहू द्या. वरच्या बाजूनं मायझिंगर झे गाठा. हे उथळ, लव्हाळ्यानं वेढलेलं छोटं तळं आहे. तिथून आशरिंगमार्गे आंडेक्सपर्यंत मघाशी सांगितलेल्या टेकड्या येतात. प्रत्येक चढ संपला की दक्षिणेला आल्प्सची रांग वर येते, आणि उतरलं की पुन्हा लपते.

आंडेक्स हा बेनेडिक्टाइन मठ आहे आणि इथल्या लोकांसाठी ते तीर्थक्षेत्र आहे. टेकडीला 'पवित्र डोंगर'च म्हणतात. आपल्याकडे डोंगरावरच्या देवळाच्या वाटेवर खाण्याची दुकानं लागतात, तशी इथे मठाची स्वतःची बीअर आणि तिचं अंगण आहे. बीअर कडक असते आणि पुढे हेर्शिंगला उतार आहे, तेव्हा आपला विचार आपण करावा. मी सफरचंदाचा रस सोड्यात घालून देतात तो 'आप्फेलशोर्ले' घेतो. उन्हात तहान त्यानंच भागते.

खाण्याचं इथेच सांगतो. शाकाहारी असाल तर 'ओबात्स्डा' म्हणजे मसाला घालून मळलेलं चीज आणि सोबत 'ब्रेत्सेन' मागा. 'केझश्पेत्सले' हे चीज आणि तळलेला कांदा घातलेले पिठाचे तुकडे पोटभरीचे असतात, पण पिठात अंडं असतं. सूप शाकाहारी दिसलं तरी विचारून घ्या, पाणी बहुतेकदा हाडांचं असतं. रविवारी किराणा दुकानं बंद असतात आणि बेकऱ्या दुपारपर्यंत आवरतात. म्हणून दोन थालीपिठं फॉइलमध्ये गुंडाळून मागच्या खिशात टाकलेली बरी. पाठीच्या उबेनं ती मऊ राहतात. पाण्यासाठी गावातला कारंजा बघा. 'काइन ट्रिंकवासर' लिहिलेलं असेल तर ते पिऊ नका. कारंजा नसेल तर चर्चच्या दफनभूमीत फुलझाडांसाठी नळ असतो. तिथेही पाटी वाचा आणि सायकल बाहेर लावून शांतपणे आत जा.

आंडेक्सहून हेर्शिंगला येणारी कीनटालची वाट सुंदर आहे, पण सुट्टीच्या दिवशी ती माणसांनी भरलेली असते. तेव्हा रस्त्यानं उतरा. हेर्शिंगहून आमरझेच्या पूर्व काठानं आयडनरीडपर्यंत जा. दक्षिण टोकाला आमर नदी तळ्यात शिरते, तिथे पक्ष्यांसाठी राखीव जागा आहे. पुढे रायस्टिंगच्या सपाट शेतांत अचानक उपग्रह संपर्काच्या अवाढव्य पांढऱ्या तबकड्या उभ्या दिसतात, शेजारी कांद्याच्या आकाराचा कळस असलेलं छोटं चर्च आणि चरणाऱ्या गाई. तिथून शेतवाटांनी वाइलहाइम स्टेशन.

दुसरी वाट : ओस्टरझेन ते मुर्नाउ

माझी सर्वांत आवडती हीच. अंतर ४५ ते ५० किलोमीटर, चढ कमी, आणि जमिनीचे तिन्ही प्रकार एका दिवसात भेटतात. टुट्सिंगमार्गे कोखलकडे जाणाऱ्या गाडीनं इफेलडोर्फला उतरा.

स्टेशनजवळच ओस्टरझेन सुरू होतात : वीसेक लहान तळी, जंगलात विखुरलेली. हिमनदी मागे हटली तेव्हा बर्फाचे मोठाले तुकडे रेती-दगडांखाली गाडले गेले. ते शेकडो वर्षांनी वितळले, वरची जमीन खचली आणि खड्ड्यांत पाणी भरलं. बरीचशी तळी जमिनीतल्या झऱ्यांवर जगतात, म्हणून पाणी इतकं स्वच्छ की तळाशी पडलेलं झाडाचं खोड फांदीसकट दिसतं. १९८१ पासून हे राखीव क्षेत्र आहे. सायकल फक्त खुणेच्या वाटांवर न्यायची. मी ती कडेला कुलूप लावून ठेवतो आणि अर्धा तास पायी फिरतो. सकाळी आठला तिथे वाऱ्याशिवाय आवाज नसतो.

पुढे पेन्त्सबर्ग. १९६६ पर्यंत इथे कोळशाची खाण होती. गाव ओलांडलं की लॉयझाखचं दलदलीचं मैदान सुरू होतं. वाट सरळसोट, दोन्ही बाजूंना पाण्याचे चर, चारा ठेवायची काळी पडलेली लाकडी खोपटी, आणि समोर १८०१ मीटरची बेनेडिक्टनवांडची भिंत. ही वाट उठावानं बांधलेली आहे म्हणून पावसानंतरही टिकते. डावी-उजवीकडे फुटणाऱ्या गवताळ वाटा टिकत नाहीत. एप्रिलमध्ये एकदा जवळची म्हणून मी अशी वाट घेतली. शंभर मीटरमध्ये काळा चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये इतका घट्ट बसला की चाक फिरेना. काडीनं उकरत बसलो. तो चिखल ओल्या गुळासारखा चिकटतो आणि त्यात गवताचे तंतू असतात.

बेनेडिक्टबॉयर्नच्या मठात थांबाच. शाळेत 'फ्राउनहोफर रेषा' शिकलेल्या कुणालाही ही जागा ओळखीची वाटेल. योझेफ फ्राउनहोफर इथल्या काचकारखान्यात भिंगांची काच बनवत होते, आणि काच अधिक निर्दोष करण्याच्या खटाटोपात १८१४ मध्ये त्यांना सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा दिसल्या. त्या भट्टीची इमारत आजही बघता येते.

कोखलला पोचलात की डोंगरावरून खाली येणारे सहा जाड पाइप दिसतात. हे वाल्खनझेचं वीजकेंद्र, १९२४ पासून चालू आहे. वर वाल्खनझे ८०१ मीटरवर, खाली कोखलझे ५९९ मीटरवर, आणि पाणी मधले २०० मीटर पडतं. या केंद्राचा परिणाम तिसऱ्या वाटेवर प्रत्यक्ष दिसणार आहे.

कोखलझेच्या दक्षिण काठाला कड्यात कोरलेली पायवाट आहे. काही ॲप तिथून रेघ ओढतात. ती सायकलची नाही, तिथे जाऊ नका. उत्तरेच्या दलदलीकडून श्लेडोर्फला या, मग ग्रोसवाइल. तिथून मुर्नाउपर्यंत पुन्हा टेकड्या, पण रीगझेच्या बाजूनं गेलात तर चढ सौम्य होतात आणि मागे वळून बघितलं की सबंध दिवसाची वाट खाली पसरलेली दिसते.

मुर्नाउला वेळ उरला तर गावाखालच्या मुर्नाउअर मोसच्या कडेपर्यंत जा. ३२ चौरस किलोमीटरची ही दलदल आल्प्सच्या काठावरच्या सर्वांत मोठ्या दलदलींपैकी आहे. आतली लाकडी फळ्यांची वाट फक्त पायी. संध्याकाळी डोंगर निळे होत जातात. गाब्रिएल म्युंटर आणि कांडिन्स्की यांनी १९०९ पासून इथे राहून जी चित्रं काढली, त्यातले निळे डोंगर मनचे नव्हते, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. मुर्नाउहून म्युनिक तासाभरात.

तिसरी वाट : ईझार, वाल्खनझे, याखेनाउ

ही लांबची आहे, ७५ किलोमीटरच्या आसपास, आणि लेंगग्रीसहून निघून लेंगग्रीसलाच येते. माझाच नियम इथे मोडतो, पण ही फेरी एका तळ्याची नाही, दोन खोऱ्यांची आहे.

लेंगग्रीसहून ईझारच्या कडेनं प्रवाहाच्या उलट दिशेला जा. दिशा महत्त्वाची. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दहा-अकरापासून वारा खोऱ्याच्या तोंडाकडून वर वाहू लागतो आणि दुपारी जोर धरतो. सकाळी हाच वारा पाठीशी असतो. वाल्खनझेवर शिडाच्या फळ्या घेऊन खेळणारे लोक याच दुपारच्या वाऱ्यासाठी येतात.

झिल्फनश्टाइनच्या धरणावर शेवटचा चढ छोटा पण तीव्र आहे. धरण १९५९ मध्ये पूर्ण झालं, मुख्यतः खालच्या गावांना पुरापासून वाचवण्यासाठी. फाल नावाचं जुनं गाव त्याच्या पाण्याखाली गेलं आणि वर नवं वसवलं. धरणांखाली गेलेल्या गावांच्या आठवणी आपल्याकडे कोयना-पानशेतच्या खोऱ्यांतही आहेत, त्यामुळे तिथल्या पुलावर मी दर वेळी थोडा थांबतो.

पुढे काही अंतर डांबरी रस्त्यावरून जावं लागतं. फोर्डरीसला बाटल्या भरून घ्या, कारण वालगाउपर्यंतच्या चौदा किलोमीटरमध्ये काही मिळत नाही आणि फोनला रेंज मिळेलच असं नाही. हा अरुंद रस्ता मोटारींना टोलचा आहे, सायकलला टोल नाही. तोही डांबरी आहे. मग ग्रॅव्हलच्या लेखात का? त्या नदीसाठी. पाण्यापेक्षा पांढरे गोटेच जास्त, पात्र शेकडो मीटर रुंद, मधून निळसर-हिरव्या दोन-तीन धारा. वरच्या बाजूला क्र्यूनपाशी ईझारचं पाणी वळवून वाल्खनझेत नेलेलं आहे, ते मघाच्या सहा पाइपांमधून खाली पडतं. म्हणून इथे पाणी कमी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या गोट्यांत उतरू नका. तुतवार पक्षी दगडांमध्येच अंडी घालतो आणि ती गोट्यांसारखीच दिसतात. हिवाळ्यात आपल्याकडे नदीकाठी शेपूट हलवत फिरतो, त्याच जातीचा हा पक्षी.

वालगाउहून जंगलातून वाल्खनझेला उतरा, आणि दक्षिण काठानं आइनझीडलहून नीडरनाखकडे जा. हा काठ शांत असतो. पाणी जुलैमध्येही थंड असतं, तेव्हा तापल्या अंगानं एकदम उडी मारू नका. कोखलकडे जाणारा केसलबर्गचा घाट टाळा, वळणं आणि वाहनं दोन्ही फार. नीडरनाखहून याखेनाउचं खोरं धरून कच्च्या-पक्क्या वाटेनं लेंगग्रीस.

याखेनाउत गाई वाटेवर बसलेल्या असतात. सायकलवरून उतरा आणि चालत, थोडं अंतर राखून जा. वासरू आणि गाय यांच्या मधून कधीच नाही. फाटक जसं सापडलं तसंच लावून ठेवा. तारेच्या कुंपणात वीज असते, सायकल टेकवायला ते वापरू नका.

या वाटेसाठी हवामान नीट बघा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी तीननंतर वादळी पाऊस घडी-दोन घडीत जमतो. दक्षिणेच्या शिखरांवर फुलकोबीसारखे ढग उंच वाढायला लागले की खोऱ्याच्या तोंडाकडे निघायचं, पुढच्या तळ्याचा मोह सोडायचा. उलट 'फ्योन' नावाचा गरम दक्षिण वारा सुटला की डोंगर हात लावावा इतके जवळ दिसतात. त्या दिवशी दिसतं फार छान, पण वारा झाडं हलवून सोडतो. मला विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सर्वांत उत्तम : वाटा कोरड्या, वादळं कमी, आणि गुरं डोंगरावरून खाली आणायचे दिवस. अपघात झाला तर ११२. शेवटचं गाव आणि त्यानंतर किती किलोमीटर आलात हे लक्षात असेल तर मदत लवकर पोचते.

या तिन्ही जमल्या की टेगर्नझेहून फालेप आणि श्पित्सिंगझेमार्गे श्लियरझेला जा. अंतर ४५ च्या आत, पण श्पित्सिंगझे १०८४ मीटरवर आहे, तेव्हा पाय तयार हवेत. आठवडाभराची सुट्टी असेल तर बोडनझे ते क्योनिगझे हा पाट्या लावलेला सायकलमार्ग आहे, सुमारे ४५० किलोमीटरचा. त्यात डांबर बरंच येतं. मी त्याला फक्त कणा मानतो आणि जिथे शेजारून प्रत २ ची वाट दिसते तिथे तिच्यावर उतरतो.

घरी आल्यावर

चुनखडीची ओली धूळ वाळली की पिठासारखी दिसते, पण चेनला ती सँडपेपरसारखी घासते. त्याच संध्याकाळी साध्या पाण्यानं सायकल धुवा, जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, चेन फडक्यानं पुसा, वाळल्यावर तेलाचा एकेक थेंब द्या. ब्रेकचे पॅड बघा, ओल्या खडीवर ते झपाट्यानं झिजतात.

मग स्वतःकडे बघा. इथल्या गवतात गोचीड असते, आणि बव्हेरियाचा जवळजवळ सगळा भाग गोचीडीमुळे होणाऱ्या मेंदूच्या तापाच्या जोखमीच्या यादीत आहे. त्यावर लस आहे, तीन डोसांची. ती हिवाळ्यातच सुरू करा. गोचीडीमुळे होणाऱ्या दुसऱ्या, लाइम नावाच्या आजारावर ती लस चालत नाही, म्हणून गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे बोटं फिरवून बघा. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल किंवा चुना लावू नका. जागेवर पेनानं गोल करून तारीख लिहा. पुढच्या काही आठवड्यांत त्याभोवती लाल कडं पसरलं तर डॉक्टरांना दाखवा.